आपला माणूस पडतो तेव्हा

माणसाने उतारवयात कोणती व्यसने लावून घेऊ नयेत, याची एक यादी आमच्या सौ.नी मनाशी करून ठेवलेली आहे. तपकीर, पत्ते आणि दुसऱ्यांच्या मुलांची लग्ने जुळवणे ही तिच्यातली जुनी कलमे. अलीकडे तिच्यात एका नव्या कलमाची भर पडली आहे : ‘परदेशातली धडधाकट माणसे पाण्यात पडताना बघत बसणे.’

खरे सांगायचे तर हे व्यसन मला माझ्या नातीने लावले. तिचे वय अकरा. तिला ते तिच्या बापाकडून मिळाले. आमचे चिरंजीव कॉलेजात असताना ऐन अभ्यासाच्या वेळी ‘ताकेशीज कॅसल’ बघत बसत. जावेद जाफरीच्या हिंदी बडबडीवर ते एकटेच खो खो हसत, आणि मी आतल्या खोलीतून ‘परीक्षा जवळ आली आहे’ अशी आकाशवाणी करीत असे. पुढे चिरंजीव पास झाले, नोकरीला लागले, चतुर्भुजही झाले. पण चिखलात पडणाऱ्या जपानी माणसांवरचे त्यांचे प्रेम काही आटले नाही. आता बापलेक मिळून बघतात आणि मधल्या खुर्चीत मी असतो.

मात्र ताकेशीचा किल्ला हा नुसता विनोद होता. हल्ली आम्ही बघतो तो मामला गंभीर आहे. त्याचे नाव ‘सासुके’. हे नाव कानावर पडताच सौ.ना वाटले, सासवा-सुनांची नवी मालिका सुरू झाली. पहिल्या दिवशी त्या मेथीची जुडी आणि परात घेऊन समोर येऊन बसल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, “अहो, यात सासू कुठे आहे?”

सासू नाही, पण सासुरवास मात्र आहे! सारुतोबी सासुके हा जपानी कथांतला एक निंजा. त्याचे नाव घेऊन टीबीएस या तिकडच्या दूरचित्रवाणी कंपनीने १९९७ साली अडथळ्यांची एक शर्यत सुरू केली. दुसऱ्या खेपेपासून ती योकोहामाजवळच्या मिदोरियामा येथे होऊ लागली. दर खेपेला शंभर माणसे उतरतात. फेऱ्या चार. पहिल्या फेरीत उड्या, झोके आणि वरच्या अंगाला पुढे झुकलेली एक दुष्ट भिंत. तिच्यावर धावत जायचे आणि काठ पकडायचा. तिसऱ्या फेरीत पायांना कामच नाही. बोटांची पेरे जेमतेम टेकतील एवढ्या कडेला लोंबकळत पुढे सरकायचे. शेवटी उंच मनोरा आणि त्याच्या माथ्यापर्यंत गेलेला दोर. घड्याळ संपायच्या आत वर जाऊन बटण दाबायचे. हात सुटला की खाली पाणी, आणि पाण्यात पडला तो त्या खेपेपुरता संपला.

या शर्यतीची गंमत अशी की इथे माणूस माणसाशी झुंजत नाही. शंभरच्या शंभर जिंकले तरी चालेल. पण बहुतेक खेपांना शंभरच्या शंभर हरतात. १९९७ पासून २०२० सालापर्यंत अडतीस स्पर्धा झाल्या, आणि मनोरा सर केला तो फक्त चौघांनी. त्यांतल्या दोघांनी दोनदा. म्हणजे जो प्रेक्षक ‘आज आपला माणूस जिंकणार’ म्हणून चहाचा कप घेऊन बसतो, त्याचा चहा अडतिसातून बत्तीस वेळा गार होणार हे ठरलेलेच. तरी लोक बसतात. मीही बसतो.

बसतो म्हणजे नुसता बसत नाही. “अरे, उजवा हात! उजवा हात पुढे टाक!” असे ओरडतो. भिंतीवरच्या घड्याळात सेल घालायचा तर मला स्टूल धरायला दोन माणसे लागतात. पण ते विसरून मी योकोहामाच्या तरण्याबांड गड्याला लोंबकळण्याचे शास्त्र शिकवतो. आणि तो पडला की माझ्या तोंडून एक दीर्घ ‘अरेरेरे!’ निघते. या ‘अरेरेरे’विषयीच मला आज थोडे बोलायचे आहे.

काट्सुमी यामादा नावाचा एक गडी या शर्यतीत होता. १९९९ सालच्या तिसऱ्या स्पर्धेत तो मनोऱ्यापर्यंत गेला, दोरावर चढला, आणि थोडासाच दोर उरला असताना वेळ संपली. झाले! त्या हातभर दोराने त्या माणसाला जन्माचे बांधून टाकले. त्याने सरावापायी नोकरी सोडली. लोक त्याला ‘मिस्टर सासुके’ म्हणू लागले. तो वर्षामागून वर्षे येत राहिला, आणि त्या शेवटच्या दोरापर्यंत काही पुन्हा पोचला नाही. दर वेळी प्रेक्षकांना वाटे, या खेपेला नक्की. दर वेळी पाणी.

दैवाचा खेळ असा की त्याच वर्षी, लगेच पुढच्या स्पर्धेत, मनोरा पहिल्यांदा सर झाला. तो करणारा काझुहिको अकियामा हा खेकडे पकडणारा कोळी होता, आणि त्याची नजर अधू होती. पुढे अडथळे आणखी अवघड केले गेले, आणि दुसरा विजेता दिसायला २००६ साल उजाडले. तोही मच्छीमारच निघाला, माकोतो नागानो. याआधी तोही मनोऱ्यावरून हात हलवीत परत आला होता. या मंडळींत कोणी आग विझवणारा होता, कोणी पेट्रोल पंपावर काम करणारा. नागानोनंतर दोनदा जिंकलेला युजी उरुशिहारा जोडे विकायच्या दुकानातला. दिवसा गिऱ्हाइकाच्या पायात जोडा घालायचा आणि रात्री दोराला लोंबकळायचे! आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला कोणी असे करू लागला तर आपण त्याला आधी डॉक्टरकडे नेऊ.

आता इथवर सारे घरातले होते. बाहेरची मंडळी आली आणि देशोदेशीची निशाणे फडकू लागली, तेव्हा खरी मजा सुरू झाली. अमेरिकनांनी २००९ साली आपली स्पर्धा काढली. पहिली तीन वर्षे ते आपले निवडक गडी जपानला पाठवीत आणि ते गडी भिजून परत येत. मग २०१२ साली त्यांनी मिदोरियामाची प्रतिकृतीच लास वेगासला उभी केली. डोंगर आपल्याकडे येत नसेल तर दुसरा डोंगर बांधावा, ही अमेरिकन रीत!

२०१४ च्या जानेवारीत त्यांनी तिथे सामना लावला : अमेरिका विरुद्ध जपान, पाच-पाच जणांचे संघ. जपानच्या बाजूला मनोरा दोनदा सर केलेला तो उरुशिहारा. ज्यांनी हा खेळ जन्माला घातला ते यांना धडा शिकवणार, अशी आमच्या घरची एकमुखी खात्री होती. आम्हाला जपान घरचाच वाटत होता. इतकी वर्षे त्यांची माणसे पडताना पाहिली होती ना! (हे सारे आम्ही कित्येक वर्षांनी पाहिले, निकाल केव्हाच लागून गेलेला होता. पण चाहत्याला तारखेचे भान नसते.) तर जपान हरला. चिरंजिवांनी तिथल्या तिथे चौकशी समिती नेमली. अडथळे तिकडचे होते, सवय नव्हती, अमुक गडी आधी पाठवायला हवा होता, वगैरे. त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा सामना झाला आणि युरोपने यजमान अमेरिकेला तिच्याच अंगणात हरवले. म्हणजे जानेवारीत पेढे वाटणाऱ्यांच्या घरी सप्टेंबरात सुतक.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडली होती. केसी कॅटनझारो नावाची पाच फूट उंचीची मुलगी, पूर्वीची जिम्नॅस्ट, डॅलसची अंतिम फेरी पार करणारी पहिली स्त्री ठरली. देशभर तिचे नाव झाले. मग ती लास वेगासला गेली आणि पहिल्याच फेरीत, दोन भिंतींच्या मध्ये हातपाय ताणून अंग तोलायच्या अडथळ्यावर, पाण्यात पडली. डॅलसला तिने जे केले ते तिच्याआधी कोणा बाईने केले नव्हते. पण महिन्या-दोन महिन्यांत तोच पराक्रम लोकांच्या हिशोबात उधारी होऊन बसला! आपण एखाद्यावर आशा ठेवतो तेव्हा त्याला न विचारता त्याच्या नावावर कर्ज मांडतो, आणि मग ते बुडवले म्हणून रुसतो.

पण जिंकून हरलेला मी पाहिला तो जेफ ब्रिटन. धंद्याने कॅमेरावाला. २०१५ साली लास वेगासच्या शेवटच्या फेरीत पंचाहत्तर फुटांचा दोर तीस सेकंदांत चढायचा होता. अमेरिकेत तोवर हे कोणाला जमले नव्हते. ब्रिटन २९.६५ सेकंदांत वर पोचला. पहिला अमेरिकन! आमच्या नातीने सोफ्यावर उडी मारली. मग आयझॅक कॅल्डिएरो आला, पूर्वी हॉटेलात टेबले पुसणारा, आणि तो २६.१४ सेकंदांत चढला. बक्षीस दहा लाख डॉलर, सगळेच्या सगळे वेगवान माणसाला. ब्रिटनच्या हाती शून्य. साडेतीन सेकंद! आमच्या दाराची कडी निघायला याहून जास्त वेळ लागतो.

मी “अरेरेरे” म्हटले. नात मात्र गप्प होती. मग तिने विचारले,

“आजोबा, त्याच्या आजोबांनी पण पेढे आणले असतील का हो?”

वाचकहो, या प्रश्नाने माझ्या पोटात खड्डा पडला. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिच्या शाळेचे क्रीडासंमेलन झाले. तीत अडथळ्यांची शर्यत होती. टायरमधून निघायचे, शिडीखालून सरपटायचे, जाळ्याखालून जायचे आणि शेवटी पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या. आमची नात दोरीच्या मल्लखांबाला जाते, हात कणखर आहेत. मी सगळ्या इमारतीत सांगत सुटलो, “पहिला नंबर आमचाच.” तळमजल्यावरच्या दोन निवृत्त मित्रांना बरोबर नेले. आणि वाटेत अर्धा किलो पेढे घेतले.

नात टायरमधून सुळकन गेली. शिडीही पार झाली. जाळ्यात तिची वेणी अडकली. ओढली तरी सुटेना. एकेक मुलगी पुढे गेली. ती सुटून आली, पोते चढवले आणि सहावी आली. सात जणी धावत होत्या.

मी काही बोललो नाही. रागावण्याचा तर प्रश्नच नव्हता. फक्त तोंडातून ते ‘अरेरेरे’ निघाले आणि हातातला पेढ्यांचा पुडा मी हळूच पिशवीत सरकवला. मला वाटले, कोणी पाहिले नाही. रात्री सौ.नी तेच पेढे पानात वाढले. नात म्हणाली, “मला गोड नको.” त्या दिवसापासून शाळेच्या कुठल्याही शर्यतीचे नाव तिने आम्हाला सांगितले नाही. मी म्हणे, वय वाढते आहे, मुले लाजतात. पुडा पिशवीत जाताना तिने पाहिला होता, हे मला ब्रिटन हरला त्या रात्री कळले.

आपल्याकडे या रोगाचे मोठे झटके येतात. २००७ साली विश्वचषकात आपला संघ हरला, तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले होते. आपण म्हणतो, ते अडाणी; आम्ही कुठे दगड मारतो? नाही मारत. आम्ही सुशिक्षित माणसे पुडा पिशवीत घालतो.

आता तर ही अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकच्या उंबरठ्यापर्यंत आली. टोकियोच्या खेळांत, २०२१ साली, आधुनिक पंचक्रीडेत आघाडीवर असलेल्या जर्मन आनिका श्लोयला चिठ्ठी टाकून मिळालेल्या घोड्याने उडीच मारली नाही. ती एकतिसावी आली आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर घोडा काढून त्या जागी अडथळे आणायचे ठरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीचे अधिवेशन आपल्या मुंबईतच भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या खेळांत पंचक्रीडा या नव्या रूपात घेण्यावर शिक्का बसला तो तिथेच. म्हणजे निशाणे वाढणार, आशा वाढणार आणि ‘अरेरेरे’ही वाढणार.

सासुकेतली एक गोष्ट मात्र मी त्या रात्रीनंतर नीट पाहू लागलो. एक जण दोराशी झुंजत असतो, तेव्हा आधी पडलेले बाकीचे ओल्या कपड्यांनी खाली उभे राहून त्याच्यासाठी ओरडत असतात. तो पडला तरी ते जागचे हलत नाहीत. तो पाण्यातून वर येईपर्यंत थांबतात. प्रेक्षक तोवर चहाचे कप उचलून आत गेलेले असतात.

परवा नातीने जेवताना सहज सांगितले, की शाळेत पुन्हा अडथळ्यांची शर्यत आहे आणि तिने नाव दिले आहे. घरात कोणी काही बोलले नाही. मीही नाही. संमेलन दिवाळीनंतर आहे. सौ.नी विचारले, “अहो, या खेपेला पेढे?”

मी म्हटले, आणायचे. पण शर्यत सुरू होण्याआधीच वाटून टाकायचे. आणि वेणी घट्ट बांधून द्यायची.