खोट्या कळा, खरे अंतर

सातवा-आठवा महिना लागला की पोट मधूनच दगडासारखे घट्ट होते, अर्धा-पाऊण मिनिट तसेच राहते आणि पुन्हा सैल पडते. दुखत नाही, किंवा पाळीत दुखते तितपतच दुखते. उन्हात काम झाले, पाणी कमी पडले, लघवी बराच वेळ धरून ठेवली की हे अधिक जाणवते. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन ब्रॅक्सटन हिक्स यांनी १८७२ मध्ये या आकुंचनांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांना हिक्स यांचेच नाव चिकटले. सुईणींना आणि आज्यांना ती त्याआधीही ठाऊक होतीच. आपल्याकडे त्यांना खोट्या कळा म्हणतात. हे नाव जरा अन्यायाचे आहे. गर्भाशयाचा स्नायू खरोखरच आकसत असतो, फक्त त्याने गर्भाशयाचे तोंड उघडत नाही.

खरी कळ ओळखण्याच्या खुणा बहुतेक घरांत माहीत असतात. ती बहुधा कमरेतून निघून पुढे ओटीपोटात येते, ठरावीक अंतराने येते, प्रत्येक वेळी थोडी लांबते आणि जोर धरते. दोन कळांमधले अंतर कमी होत जाते. उठून चालले, कूस बदलली, दोन तांबे पाणी प्यायले, लघवी करून डाव्या कुशीवर तासभर पडून राहिले, तरी ती थांबत नाही. खोटी कळ यातल्या कशाने तरी बहुधा विरते. कळ जोरात असताना बाईला धड बोलता येत नाही, हीही एक जुनी आणि बऱ्यापैकी भरवशाची खूण. पण यातली एकही खूण पक्की नाही. प्रसूती सुरू झाली की नाही हे अखेर गर्भाशयाचे तोंड उघडते आहे का यावरून ठरते आणि ते तपासणीतच कळते. अनुभवी डॉक्टरही एका तपासणीवर निकाल देत नाहीत. काही तास थांबवून पुन्हा पाहतात.

शहरातल्या पहिलटकरणीला सांगितला जाणारा नियम असा : दर पाच मिनिटांनी कळ येते, मिनिटभर टिकते आणि हे तासभर चालले आहे, असे झाले की निघा. दारात रिक्षा आणि पंधरा मिनिटांवर प्रसूतिगृह असेल तर हा नियम ठीक. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तो तसाच सांगणे धोक्याचे आहे. सायवन, गंजाड किंवा उधव्याच्या बाजूला पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यावे लागते, मग फोनला रेंज मिळवायची, मग १०८ किंवा १०२ ची वाट पाहायची. घरचा पुरुष अनेकदा गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून गेलेला असतो. घरी सासू आणि लहान मुले. पावसाळ्यात ओढा मध्ये आला तर झोळीतून न्यावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाईची प्रसूती तर पहिलटकरणीपेक्षा लवकर होते. पाच मिनिटांच्या कळांची वाट पाहिली तर बाळ रस्त्यात जन्मते. इथला नियम अंतरावरून ठरायला हवा : दवाखाना तासाभराहून लांब असेल, तर कळा नियमित आहेत असे वाटताच निघावे, त्या खऱ्या आहेत की नाहीत याचा निकाल तिथे लागू द्यावा.

गाठलेला पहिला दवाखाना शेवटचा असेलच असेही नाही. कासा, डहाणू, तलासरी इथे सरकारी रुग्णालये आहेत, पण गुंतागुंत झाली की वलसाड किंवा सिल्वासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका गर्भवतीला कासा येथून सिल्वासाला हलवले जात होते. १०८ ची गाडी वेळेत आली नाही, मिळाली त्या रुग्णवाहिकेत ऑक्सिजन नव्हता, अशी कुटुंबीयांची तक्रार तेव्हा वृत्तपत्रांत आली होती. ती आणि तिचे बाळ, दोघेही वाटेतच गेले. ज्या भागात एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्याचा प्रवासही धरावा लागतो, तिथे घरी बसून कळा मोजण्यात घालवलेला प्रत्येक तास पुढच्या प्रवासातून वजा होतो.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी तर खऱ्या-खोट्याची परीक्षा घरी करूच नये. तासाभरात सहापेक्षा अधिक वेळा पोट घट्ट झाले, कमरेत सतत ओढ लागली किंवा खाली जड वाटू लागले, तर दुखत नसले तरी जावे. याला कारण आहे. चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान अवेळी प्रसूतीची चिन्हे दिसली तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. बाळाची फुप्फुसे त्याने लवकर तयार होतात. पहिला डोस देऊन मग पुढच्या रुग्णालयात पाठवण्याची मुभा केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एएनएमलाही दिली आहे. पण औषधाला काम करायला वेळ लागतो. बाळ बाहेर येताना पोहोचलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही.

आठवडे मोजायचे तर शेवटच्या पाळीची तारीख हवी. ती अनेकींना वाघबारशीच्या सुमारास, होळीनंतर, अशी आठवते. भातकापणी उरकली की बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. कार्ड घरी आणि बाई भट्टीवर, असे होते. सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत झाली तर दिवस बऱ्यापैकी नेमके कळतात, आठव्या महिन्यात केली तर अंदाजात दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. म्हणूनच तारखेबद्दल शंका असेल तिथे दिवस कमी भरले आहेत असेच धरून चालावे.

काही गोष्टींत कळा मोजायच्याच नसतात : अंगावरून लाल रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, ताप, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके. पोट लाकडासारखे कडक होऊन सैलच पडत नसेल तर ती कळ नव्हे. वार सुटल्याची ती शक्यता असते आणि तेव्हा रक्त बाहेर दिसेलच असे नाही. सिकलसेल असलेल्या गर्भवतीने पोटात-पाठीत दुखू लागले तर कळा असतील म्हणून थांबू नये.

आता ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही त्याबद्दल. बाई रात्री जीप करून येते, तपासतात, तोंड उघडलेले नसते. मग ऐकावे लागते, ‘अजून वेळ आहे, उगाच कशाला आलीस?’ भाडे गेले, सासूची मजुरी बुडाली, पाड्यावर हसे झाले. पुढच्या वेळी ती खात्री पटेपर्यंत घरीच थांबते, आणि खात्री पटते तेव्हा उशीर झालेला असतो. खोट्या कळांसाठी आलेल्या बाईला रागावणे हा, आमच्या मते, साधा उद्धटपणा नाही. तो उपचारातला दोष आहे. कर्मचारी थकलेले असतात, खाटा कमी असतात हे मान्य, पण बोलण्याला खाट लागत नाही.

यावर मोठा खर्च नसलेले उपाय आहेत. लांबच्या पाड्यावरून आलेल्या, दिवस भरत आलेल्या बाईला रात्री परत पाठवू नये. सकाळपर्यंत ठेवून पुन्हा तपासावे. आदिवासी भागांत काही आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघरे उभारली ती याचसाठी. बाळंतपणाआधीचे दिवस तिथे काढता येतात, सोबत्यालाही राहता येते. जिथे ती आहेत तिथे ती उघडी आणि राहण्याजोगी असावीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला घरी सोडायला गाडी मिळते, तशीच ती कळा थांबून परतणाऱ्या बाईलाही मिळावी. आणि परत पाठवलेल्या प्रत्येकीची नोंद आशाताईंकडे त्याच दिवशी जावी, म्हणजे दुसऱ्या सकाळी कोणीतरी दारात जाऊन विचारील : रात्री पुन्हा पोट घट्ट झाले का, आणि किती वेळा?