आधी आवरता यावी

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले आणि मोटारसायकलींच्या बाजारात ३५० सीसीवर रेघ ओढली गेली. त्या आतल्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला, त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. केळीला बरा भाव मिळाला की सावदा-फैजपूर पट्ट्यातल्या तरुणांना बुलेटचे वेध लागतात. त्यांच्या हिशेबाला ही सवलत आयती मिळाली. गाडी परवडेल की नाही, हे त्यामुळे ठरले. झेपेल की नाही, हा प्रश्न मात्र राहिलाच.

कायदा तो विचारत नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना एकच. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेला मुलगा १०० सीसीच्या गाडीवर चाचणी देतो आणि त्याच परवान्यावर ६५० सीसीची गाडी रस्त्यावर आणू शकतो. युरोपात यासाठी पायऱ्या आहेत. मधल्या ‘ए टू’ परवान्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतचीच गाडी चालवता येते. आपल्याकडे ही पायरी घरातच ठरवावी लागते.

ती ठरवताना नुसत्या सीसीवर जाऊन चालणार नाही. घरोघरी असलेली स्प्लेंडर सुमारे ११२ किलोंची, आठ अश्वशक्तीची. क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आणि ताकद वीस अश्वशक्ती. बजाज चाकणला बनवते ती ट्रायम्फ स्पीड ४०० वजनाने क्लासिकपेक्षा हलकी, पण ताकद चाळीस अश्वशक्तीची. सीसीत फरक जेमतेम पन्नासचा, ताकद दुप्पट. स्प्लेंडरवर हात बसलेल्याला पहिल्या खेपेला वीस अश्वशक्ती पुष्कळ झाली. वजनाचा अंदाज मात्र शोरूममध्येच घ्यावा. गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय नीट टेकतात का, इंजिन बंद ठेवून ती चढावर मागे ढकलता येते का, अरुंद बोळात वळवता येते का, हे पाहावे. इथे दम लागला तर शेतरस्त्यावर हाल ठरलेले.

खरी कसोटी ब्रेकची. स्प्लेंडरवाल्याचा भरवसा पायाच्या ब्रेकवर असतो. जड गाडीला थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा डिस्क ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नसतो, दाब वाढवत न्यायचा असतो. वेग साठवरून नव्वदवर गेला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सव्वादोन पट होते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीचे ट्रक, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेली काळी माती, हे सगळे एकाच किलोमीटरात भेटते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे चाक अडकत नाही, पण ओल्या मातीवर पकडच नसेल तर एबीएस ती कुठून आणणार? तिथे वेग आधीच उतरवलेला हवा.

बाकी हिशेब सोपा आहे. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि सावद्यातल्या गर्दीत तापलेले इंजिन मांडीला जाणवते, म्हणून गाडी भर दुपारी चालवून पाहावी. सर्व्हिसिंगला भुसावळ-जळगावला जावे लागणार असेल, तर त्याचा खर्च आणि वेळ आधीच धरावा. आयएसआय छापाचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट गाडीच्याच बजेटमध्ये बसवावे. आरशाला लटकवलेले हेल्मेट दंडाच्या पावतीपासूनसुद्धा वाचवत नाही.

सरकारने परवान्याला पायऱ्या कराव्यात, ही मागणी रास्तच आहे. तोवर हप्ता भरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी चावीसोबत दोन अटी घालायला हरकत नाही: पहिले काही महिने मागे कुणाला बसवायचे नाही आणि रात्रीचा हायवे धरायचा नाही. पालच्या घाटाची हौस त्यानंतर खुशाल भागवावी.