हजेरीपटातील कोरी पाने

'मिशनची शाळा' हा शब्द आपल्या भागात दोन तऱ्हांनी उच्चारला जातो. काही जण तो आदराने उच्चारतात. त्यांना शिस्त, स्वच्छ गणवेश आणि वळणदार अक्षर आठवते. काही जण संशयाने उच्चारतात. शिक्षणाच्या निमित्ताने तेथे धर्मप्रसार चालतो असे त्यांना वाटते. परंतु या दोन्ही पक्षांतील फारच थोड्यांनी अशा शाळेत सलग सहा दिवस काढलेले असतात. मला ते या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात काढता आले. त्यातून माझे जे मत बनले ते असे की, कोणत्याही शाळेची पारख तिच्या प्रार्थनेवरून किंवा निकालावरून करण्याआधी दिवाळीनंतरच्या तिच्या हजेरीपटावरून करावी. हे मत आपल्या जत तालुक्याला फार जवळून लागू पडते, म्हणून ते या अंकात मांडण्याचे धाडस करीत आहे.

मिरज तालुक्यात कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात चर्चने चालवलेली एक लहानशी मराठी प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी असे चार वर्ग, एक व्हरांडा आणि अंगणात चिंचेचे झाड, एवढाच तिचा पसारा. शाळा अनुदानित असल्यामुळे तेथे शालेय पोषण आहार आहे व तो माझी मावशी शिजवते. तिचा हात भाजला होता, म्हणून सहा दिवस मी तिच्या मदतीला गेले. तेव्हा मी जे पाहिले ते पाहुणीच्या खुर्चीवरून पाहिलेले नाही, भाताच्या पातेल्यापाशी बसून पाहिलेले आहे.

सोमवारी परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि मग 'उपासना संगीत' या पुस्तकातले रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एक गीत. चाल अगदी अभंगाची. डोळे मिटून ऐकले असते तर पंढरीच्या वाटेवर आहोत असे वाटले असते. मधल्या सुट्टीत त्याच अंगणात मुलींनी पाटावर हत्ती मांडून हादगा धरला. ख्रिस्ती घरच्या मुलीही फेरात होत्या. 'मोठ्या बाई', म्हणजे मुख्याध्यापिका, व्हरांड्यातून खिरापत ओळखत होत्या आणि मुद्दाम चुकत होत्या.

मंगळवार-बुधवार प्रथम सत्राच्या परीक्षेच्या उजळणीत गेले. पाढे, शुद्धलेखन, नकाशात जिल्हा भरणे. यात नवल असे काही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतही हेच चालते. गुरुवारी मात्र मी थांबून पाहत राहिले. चौथीच्या वर्गात एक मुलगा फळ्यापाशी उभा राहून इतरांना कानडी अंक शिकवीत होता. ओंदु, एरडु, मूरु. सारा वर्ग त्याच्यामागून म्हणत होता. बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर जी मुलं येतात त्यांच्यातल्या काहींना मराठी येत नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांच्या बोलीत दहापर्यंत मोजून दाखवलं की ती दुसऱ्या दिवशी परत येतात."

शुक्रवारी सुगीचा सण झाला. शेतातले पहिले पीक देवापुढे ठेवण्याचा हा चर्चचा सण. मुलांनी घरून मूठमूठ बाजरी, भुईमुगाच्या शेंगा, भोपळा, कोणी दोन अंडी आणली. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांनी काय आणावे, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. बाईंनी त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते, की ज्याच्या घरचे माणूस दुसऱ्याच्या रानात राबते त्याने त्या माणसाचे नाव कागदावर लिहून आणावे. धान्याच्या राशीशेजारी कागदांची एक चळत झाली. जमिनीचा तुकडा नसलेल्या माणसाचे नावही पिकाच्या शेजारी ठेवले जाऊ शकते, हे मी प्रथमच पाहिले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई नोव्हेंबरचा हजेरीपट आखत बसल्या. प्रत्येक वर्गाची नावे लिहून झाली की शेवटच्या नावाखाली त्या एक पूर्ण पान कोरे सोडीत. मी विचारले, "बाई, ही पानं कोरी का ठेवली?"

"अगं, शाळेमागच्या रानात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. जतकडच्या, विजापूरकडच्या, बीडच्या. त्यांची मुलं यायची आहेत. त्यांना आधीच जागा करून ठेवली नाही तर मूल आठ दिवस कोपऱ्यात बसतं आणि नवव्या दिवशी दिसत नाही."

मित्रहो, कृष्णाकाठी ज्या आठवड्यात ही पाने आखली जात होती त्याच आठवड्यात आपल्या तालुक्यात काय चालले होते? द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू होती आणि आयाबाया छाटणीला गेल्यामुळे थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहत होत्या. हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून शाळूची पेरणी चालली होती. आणि ज्यांच्याकडे पेरायला काही नव्हते त्यांनी मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. या हिशेबात मुलाला आकडा नाही, परंतु काम आहे. धाकट्याला खांद्यावर घेणे, पाणी आणणे, वाढे गोळा करणे, खोपीची राखण करणे. साखर कारखान्यांचे गाळप साधारणपणे ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. शाळेचे दुसरे सत्रही दिवाळीनंतर सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे गाळपाचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र यांचे महिने जवळजवळ एकच आहेत. जे मूल दरवर्षी फडावर जाते ते दरवर्षी अर्धेच शिकते. आणि चार वर्षे अर्धे अर्धे शिकलेले मूल म्हणजे दोन वर्षे पूर्ण शिकलेले मूल असाही हिशेब होत नाही. मधल्या काळात शिकलेले विसरलेले असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. मी येथवर आले याचे कारण मी हुशार होते हे नव्हे. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा आजीने फडावर जाणे सोडले व ती गावात राहिली. माझी रात्रीची भाकरी आणि अंथरूण यांची सोय झाली. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आजीही कोयत्यावर होती. तो पाचवीतून सुटला. आज तो व वहिनी मिळून एक कोयता आहेत. एकाच आईची दोन मुले. त्यांच्या बुद्धीत फरक नव्हता, नोव्हेंबरात कोठे निजायचे एवढाच फरक होता.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्ग द्यावा, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यावे, ते दाखवून त्याला दुसऱ्या गावी वर्गात बसता यावे, अशीही व्यवस्था महाराष्ट्रात केलेली आहे. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही असे ठरवले. तेव्हा मी पाहिलेल्या त्या शाळेवर या कायद्याची सक्ती नाही. तरीही ती पाने कोरी ठेवते. आणि ज्या शाळांवर कायद्याची सक्ती आहे त्यांपैकी किती शाळा दसऱ्यानंतर उठून वस्तीवर जातात व 'कोण कोण निघाले?' असे विचारतात, हे आपण आपापल्या गावात पाहावे.

हा गुण त्या शाळेने कोठून घेतला असेल, याचा मी विचार केला. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवू लागल्या. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. माणसाला वेळ नाही ना, मग शाळेने आपली वेळ बदलावी, असा तो विचार होता. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्रात छापून आला. आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी विचारले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तर शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गावरच का? साखरेच्या पोत्याकडे पाहून हाच प्रश्न आज आपणही विचारू शकतो.

येथे कोणी म्हणेल की मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. परंतु तेथे शिकलेले जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. वाचायला शिकलेले माणूस पुढे आपल्या बुद्धीने चालते. भीती वाटायची असेल तर न शिकलेल्या मुलाची वाटावी. शिवाय चर्चच्या नावाने चालणारी प्रत्येक शाळा अशीच आहे असे मी म्हणत नाही. फडावरचे मूल जिच्या फाटकाआतही येऊ शकणार नाही अशी भरमसाट फी घेणारी शाळा, मग ती कोणत्याही धर्माची असो, या परंपरेची वारस म्हणवून घेऊ शकत नाही.

मुलाच्या निजण्याची सोय ही शिक्षणाचीच बाब आहे, हे तर आपल्याच भागाने महाराष्ट्राला शिकवले. आपला सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. त्याच साताऱ्याच्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातारा येथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना हात घातला होता. या थोरांनी शाळेच्या इमारतीइतकीच मुलाच्या भाकरीची व अंथरुणाची काळजी केली.

मग आपण काय करावे? नुसती हळहळ व्यक्त करून लेख संपवणे मला मान्य नाही. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली आपल्या महाविद्यालयाला. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर आपण बहुधा थंडीत घेतो. तोवर गावे रिकामी झालेली असतात. आपण देवळासमोरचे अंगण झाडतो आणि ज्यांच्यासाठी जायला हवे ती मुले शंभर किलोमीटर दूर खोपीत असतात. हे शिबिर दसरा आणि दिवाळीच्या मध्ये घ्यावे. घरोघर जाऊन निघणाऱ्या मुलांची यादी करावी आणि ती शाळेला व ग्रामपंचायतीला द्यावी. परीक्षांची अडचण आहे हे मला ठाऊक आहे. परंतु अडचण सात दिवसांची आहे आणि त्या मुलांचे नुकसान आयुष्याचे आहे.

दुसरी शाळांना. शिक्षण हमी पत्रक मागायला कोणी येईल याची वाट न पाहता ते दिवाळीच्या सुट्टीआधी मुलाच्या हातात द्यावे. पालक बाहेर गेले तरी मूल गावात राहावे, त्याच्या जेवणाची सोय व्हावी, यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ते वसतिगृह पहिला ट्रॅक्टर गावातून निघण्याआधी सुरू व्हायला हवे. एकदा मूल गाडीत बसले की मागून निघालेला आदेश त्याला गाठत नाही.

तिसरी आपल्यासारख्यांना, म्हणजे ज्यांच्या घरातून कॉलेजात आलेले आपणच पहिले आहोत त्यांना. आपल्यामागे कोणी तरी गावात राहिले होते, कोणाची तरी चूल नोव्हेंबरातही पेटत होती, म्हणून आपण येथे आहोत. प्रत्येकाने आपल्या वस्तीवरचे एक मूल नेमून घ्यावे आणि त्याचे दुसरे सत्र बुडणार नाही याची जबाबदारी घ्यावी. ते गेलेच, तर कोणत्या गावाच्या शिवारात उतरले आहे हे विचारून तिथल्या शाळेला एक फोन करावा.

पूर्व भागातले मूल कानडी बोलत असेल, दुसरे कोणी मराठी बोलत असेल. एखादी शाळा चर्चची असेल, एखादी जिल्हा परिषदेची. या गोष्टींवर आपण पुष्कळ वाद घालतो. नोव्हेंबर उजाडताच आपल्या तालुक्यातील प्रत्येक हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. त्या खुणांमागची मुले या क्षणी कोठे आहेत, हे ज्या गावाला नावानिशी सांगता येईल त्या गावात शाळा आहे असे मी म्हणेन.