उतरायचं ते डावीकडूनच!

दोस्तांनो, आज तुम्हाला एक मोजणी करायची आहे. पी.टी.च्या तासाला सगळे हाफ पँटमध्ये असतात ना, तेव्हा वर्गातल्या मुलांच्या उजव्या पोटऱ्यांकडे जरा बघा. पोटरीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वीतभर वर, कुणाला तरी एक लांबट, गुळगुळीत डाग असेल. आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा वेगळ्या रंगाचा. "हे काय रे?" म्हणून विचारलंत तर उत्तर ठरलेलं : "सायलेन्सर लागला होता." केव्हा? "लहान होतो तेव्हा." म्हणजे चटका बसला क्षणभर आणि खूण राहिली वर्षानुवर्षं!

बदलापूरच्या खरवईत राहणाऱ्या आपल्या वाचकांना मोटारसायकलचं कौतुक सांगायला नको. सकाळी बाबा गाडी काढणार, एकाला शाळेच्या फाटकाशी सोडणार, मग स्टेशन गाठणार आणि लोकल पकडणार. खरवई काय, कात्रप, शिरगाव काय, किंवा पलीकडचं अंबरनाथ, उल्हासनगर काय, सगळीकडे हाच प्रकार. स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये गाड्या इतक्या खेटून लावलेल्या असतात, की दोन गाड्यांमधून जायचं तर अंग चोरूनच जावं लागतं. त्यातल्या निम्म्या गाड्या नुकत्याच येऊन उभ्या राहिलेल्या, म्हणजे तापलेल्या. पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबा बघायला येणाऱ्यांच्या गाड्या, महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराच्या यात्रेतली गर्दी... थोडक्यात काय, जिथे माणसांचे पाय आणि गाड्यांचे सायलेन्सर एकाच अरुंद वाटेवर येतात, तिथे चटका टपूनच बसलेला असतो.

पण उजवाच पाय का? याचं कोडं सोपं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजव्या अंगाला असतो. तुम्ही उजवीकडून चढायला गेलात की डावा पाय सीटवरून पलीकडे टाकता, आणि सगळा भार घेऊन उजवा पाय जमिनीवर, गाडीला अगदी चिकटून उभा राहतो. त्याची आतली बाजू कुणाकडे तोंड करून असते? बरोबर, सायलेन्सरकडे! उतरतानाही तेच. त्यात तुमची उंची कमी, म्हणून पाय पटकन जमिनीला टेकत नाही, तुम्ही घसरत घसरत खाली येता आणि पोटरी नळीवर घासते.

म्हणून नियम एकच : चढायचं डावीकडून, उतरायचं डावीकडून. गंमत बघा, याचे आणखी दोन फायदे आहेत. गाडीचा साइड स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे उभी गाडी त्या बाजूला थोडी झुकलेली असते आणि चढायला सोपं जातं. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो, म्हणजे डावीकडे उतरलं की आपण कडेला असतो. उजवीकडे उतरलात तर मागून येणाऱ्या रिक्षाच्या पुढ्यातच. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आजी-मावशीही डावीकडेच तोंड करून बसतात. त्यांच्या साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाच्या निम्म्या भागावर तरी आडोसा हवा, असं आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत (१९८९) लिहिलेलंच आहे.

आता सायलेन्सर तापतो तरी किती? इंजिनात पेट्रोल जळतं आणि जळलेला वायू बाहेर पडतो, तो काही शे अंश सेल्सिअसचा असतो. पाणी उकळतं १०० अंशांना, त्यावरून अंदाज करा. इंजिनातून निघून वळण घेणारी जी नळी असते ती सगळ्यात तापते. मागचा जाड नळकांड्यासारखा भाग त्या मानाने कमी, पण तोही पाय भाजायला भरपूर. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या नळीत धूर स्वच्छ करणारं एक यंत्र बसवलेलं असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचं नाव. ते नीट तापल्याशिवाय कामच करत नाही! हवा स्वच्छ राहते हे चांगलंच, पण तेवढ्या भागापासून पाय लांब ठेवायला हवा.

आणि कातडीला किती सोसतं? १९४७ साली अमेरिकेत मोरिट्झ आणि हेन्रिकेस या दोघा संशोधकांनी हे बारकाईनं तपासलं. ४४ अंशांना कातडी काही तास तग धरते. ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद. ७० अंशांना एकच सेकंद! सायलेन्सरच्या हिशेबात तर 'सेकंद' हा शब्दसुद्धा मोठा आहे. "पाय पटकन काढून घेईन" असं म्हणणाऱ्यानं हा हिशेब ध्यानात ठेवावा.

फसवणूक कुठे होते सांगू? लोखंड लाल दिसायला लागतं ते साधारण ५०० अंशांच्या पुढे. म्हणजे ३०० अंशांची नळीही आपली काळी नाही तर चंदेरी, अगदी शांत दिसते. गाडी बंद झाली, दिवा विझला, आवाज थांबला, तरी तिला पुरतं निवायला अर्धा तास आरामात लागतो. घावन घालण्याआधी आई तव्यावर पाणी शिंपडते ना? बेताच्या तापलेल्या तव्यावर थेंब चुर्र करून नाहीसे होतात. तवा फारच तापला, २०० अंशांच्या आसपास गेला, की तेच थेंब मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर धावतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते म्हणून. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १७५६ मध्ये यावर लिहिलं, म्हणून त्यांचं नाव या गमतीला मिळालं. पावसात नुकत्याच थांबलेल्या गाडीकडे लांबूनच बघा, थेंब सायलेन्सरवर पडले की चुरचुरतात. भिजलाय म्हणजे थंड असेल, असं मुळीच नाही.

हा चटका काही आपल्याच नशिबी आलेला नाही बरं का! अमेरिकेत १९६० च्या दशकात कॅरोल शेल्बी यांनी 'कोब्रा' नावाची वेगवान स्पोर्ट्स कार तयार केली. तिच्या एका प्रकारात धूर सोडणाऱ्या नळ्या गाडीच्या मागे न जाता दाराखालून, दोन्ही बाजूंना उघड्याच. दिसायला झकास! पण उतरायचं तर त्या नळीवरूनच पाय टाकायचा. ज्याला जमलं नाही, त्याची पोटरी भाजलीच. त्या डागाला शौकिनांनी नाव काय दिलं? 'सापाचा चावा'! गाडीचंच नाव नाग, मग दुसरं काय होणार? लाखमोलाची गाडी असो नाही तर बाबांची जुनी मोटारसायकल, उपाय तेच : पाय लांब टाका आणि नळीवर कवच बसवा.

हे कवच म्हणजे सायलेन्सरवरचा तो भोकाभोकांचा किंवा चकचकीत पत्रा. तो शोभेचा नाही हं! पत्रा आणि नळी यांच्यामध्ये बोटभर फट असते. तिथली हवा उष्णता सहज पलीकडे जाऊ देत नाही, भोकांतून वारा खेळतो, म्हणून वरचा पत्रा नळीपेक्षा बराच थंड राहतो. पण दोन स्क्रू निघाले, पत्रा खडखडायला लागला, की "काढून टाका हो" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आईबाबा, तो काढू नका, घट्ट करून घ्या. आणि ताईदादांनो, फटाक्यासारखा आवाज काढणारे जे सायलेन्सर काही जण हौसेनं बसवतात, त्यातल्या कितीतरींना हे कवचच नसतं. पोलीस असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडतात. आवाजासाठी चिरडतात हे खरं, पण मला त्यात पोटऱ्यांचीही सोय दिसते!

पालकांसाठी आणखी एक. चाळीत, सोसायटीच्या अंगणात गाडी लावताना सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करा. रांगणारं मूल आधाराला काहीही धरून उभं राहतं आणि सायलेन्सर नेमका त्याच्या हाताच्या उंचीवर असतो. तिथे पोटरी नाही, चिमुकला तळवा भाजतो. टाकीवर पुढे बसवलेल्या मुलाचे पायही त्या वळणदार तापट नळीच्या जवळच लोंबत असतात.

कपड्यांचं म्हणाल तर उल्हासनगरनं आपल्याला हवी ती वस्तू देऊन ठेवली आहे : जीन्स! जाड सुती कापड पायाला थोडी सवड देतं. नायलॉन-पॉलिएस्टरचे तंग कपडे मात्र तापलेल्या नळीवर वितळून कातडीलाच चिकटतात.

आणि एवढं करूनही चटका बसलाच तर? गाडी अंगावर पडली असेल तर आधी ती उचलायला मोठ्यांना हाक मारा. मग लगेच साध्या थंड पाण्याची धार सोडा, घड्याळ लावून पुरती वीस मिनिटं. हो, वीस! दोन मिनिटांत बरं वाटलं तरी कातडीच्या खालच्या थरात उष्णता अजून असते. नळाला पाणी नसेल तर बादली आणि तांब्या घ्या. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलेल्या या उपायाचा उपयोग होतो. पैंजण, मोजे, बूट सूज यायच्या आत काढा. पण कापड चिकटलं असेल तर ओढू नका. बर्फ नको, त्यानं कातडीला आणखी इजा होते. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस... यातलं काहीही नको, कितीही प्रेमळ शेजारीण घेऊन आली तरी! त्यानं जखम मळते, आणि डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं. ते किती दुखतं, ते सोसलेल्यालाच माहीत. फोड आला तर फोडायचा नाही. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडानं सैल झाकायचा.

डॉक्टरांकडे केव्हा? भाजलेला भाग तुमच्या स्वतःच्या पंजाएवढा किंवा मोठा असेल, गुडघ्यावर किंवा घोट्यावर असेल, लहान बाळाला लागलं असेल, तर लगेच. जखम पांढरी किंवा काळपट दिसते आणि दुखतच नाही, तर "चला, फारसं लागलं नाही" असं म्हणू नका. तिथल्या दुखणं सांगणाऱ्या नसाच जळल्या असतात, म्हणजे जखम खोल आहे. घरातल्या मधुमेही आजी-आजोबांच्या पायाला चटका कळतही नाही कधी कधी, त्यांचे पाय तुम्ही बघा. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं की नको हेही डॉक्टरांनाच विचारायचं.

तर या रविवारी घरची गाडी धुवायची वेळ आली, की ती पुरती थंड आहे ना हे आधी बाबांना किंवा आईला विचारा. मग सायलेन्सरवरच्या पत्र्याचे स्क्रू मोजा. एखादी जागा रिकामी सापडली तर गॅरेजमध्ये जाऊन स्क्रू बसवायला लावा. आणि वर्गातल्या मोजणीत किती डाग निघाले, त्यातले उजव्या पायावरचे किती, ते आम्हाला पोस्टकार्डावर नक्की कळवा.