स्टिअरिंगमधील रबरी चक्ती

जुन्या घडणीची शेवटची फोक्सवॅगन बीटल मेक्सिकोंत २००३ सालीं तयार झाली. तथापि हौसेनें जतन केलेल्या गाड्या अद्याप रस्त्यावर दिसतात. अशी गाडी बाळगणारानें एका लहानशा वस्तूकडे अवश्य लक्ष द्यावें. स्टिअरिंगचा दांडा व खालचा स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणारी रबर व कॅनव्हास यांची एक चक्ती असते. रस्त्याचे हादरे ती स्वतः सोसते. कालांतरानें रबराला भेगा पडतात, बोल्टांचीं भोकें सैल होतात. ती पुरती फाटली तर हातांतील चाक फिरेल, पण गाडी वळेलच असा भरंवसा उरत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. गाडी जमिनीवर उभी असतां एकानें स्टिअरिंग किंचित् डावीउजवीकडे हालवावें (हें काम घरांतील मुलें आनंदानें करतात!) व दुसऱ्यानें चक्ती न्याहाळावी. वरची बाजू हालून खालची स्वस्थ राहिली, तर चक्ती बदलावयास झाली.

बदलतांना पुढचीं चाकें सरळ ठेवावीं, बॅटरीची तार काढावी आणि दांडा व जोड यांवर रंगानें खूण करावी. एऱ्हवीं स्टिअरिंग वांकडें बसतें. जुने नट पुन्हां वापरण्याची काटकसर येथें शोभत नाहीं. अधिक कठीण प्लॅस्टिकच्या चक्त्याहि मिळतात, परंतु त्या हादरे हातापर्यंत पोंचवितात. आम्हांस रबरीच बरी वाटते. रबरांतून वीज जात नाहीं, म्हणून हॉर्नची तार चक्तीवरून पलीकडे नेलेली असते. ती जोडावयाची राहिली कीं हॉर्न मुका! शेवटीं स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून पाहावें, मगच गाडी बाहेर काढावी.