गुन्ह्याचे चित्र कोणासाठी?

संपादकांस,
‘चित्रकाराने खूनखराब्याच्या वाटेला जाऊ नये’ असे सुचवणारे पत्र आपल्या गेल्या अंकात वाचले. मी चित्रकार आहे आणि हे मत मला मान्य नाही. आपल्याच कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या चित्रपटात खोट्या कागदपत्रांवर जमीन लाटणारा सावकार दाखवला. तोही गुन्हाच, पण त्यांची नजर नाडलेल्या शेतकऱ्यावर होती.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई बचावल्या, २० तारखेला पानसरे गेले. त्या घटनेवर चित्र काढताना मी पिस्तूल आणि रक्त कटाक्षाने टाळले. कॅनव्हासवर आहे पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकाची कोपरे दुमडलेली, हाताळून मळलेली प्रत आणि ती धरणारे कष्टकऱ्याचे हात. मारेकऱ्याला मध्यभागी बसवले की सनसनाटी होते. ज्याचे हिरावले गेले त्याला बसवले की न्यायाची मागणी होते.

गुन्ह्यांच्या मालिका आवडीने पाहणाऱ्या वाचकांनी पानसरे यांच्या खुनाच्या खटल्याच्या तारखांवरही तेवढेच लक्ष ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक चित्रकार, कोल्हापूर