यंत्रांची दुनिया : एका मिलिमीटरची किंमत

उलव्याजवळून अटल सेतूवर चढणाऱ्या मोटारी तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा पूल २१.८ किलोमीटर लांब आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने तो ओलांडायला साधारण १३ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात इंजिनातली एक झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, किती वेळा उघडत असेल? इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर जवळजवळ वीस हजार वेळा!

झडप उघडतो कॅम. बंद मात्र करते स्प्रिंग. स्प्रिंग ढिली पडली तर वाढत्या वेगात झडप वेळेवर मिटत नाही. काही इंजिनांत ती थेट पिस्टनवर आदळते आणि इंजिनच निकामी होतं.

मग स्प्रिंग किती आवळायची? बॉलपेन खोला. आतली स्प्रिंग पट्टीवर मोजा. पेनात बसताना ती याहून आखूड होते, खरं ना? तसंच इथे. झडप मिटलेली असताना स्प्रिंगची खालची बैठक आणि वरची टोपी यांच्यातल्या अंतराला मेकॅनिक 'इन्स्टॉल्ड हाइट' म्हणतात.

समजा, मोकळी स्प्रिंग ५० मिलिमीटरची आहे आणि ती बसवली ४० मध्ये. एक मिलिमीटर दाबायला ३ किलो जोर लागतो, तर दाब झाला ३० किलो. उंची ४१ झाली की दाब २७ वर आला!

गंमत पाहा. गळकी झडप घासून नीट केली की ती आपल्या जागेत थोडी खोल बसते, तिची दांडी वर सरकते आणि उंची वाढते. म्हणून स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालतात.

पण चकती अंदाजाने घालून चालत नाही. आपली स्प्रिंग २८ मिलिमीटरवर पूर्ण मिटते, वेढ्याला वेढा टेकतो. ताकद वाढवायला कोणी ११ मिलिमीटर उचलणारा कॅम बसवला, तर ४० वजा ११, म्हणजे २९. उरला फक्त १ मिलिमीटर! त्यात १ मिलिमीटरची चकती घातली की संपलं. वेढे एकमेकांवर आपटतात, कॅम झिजतो, स्प्रिंग तुटते.

म्हणूनच चांगला मेकॅनिक स्प्रिंग काढून ठेवतो, झडप व टोपी बसवून वर ओढून धरतो आणि मधलं अंतर मापकाने मोजतो. एकच झडप मोजून भागत नाही. सुरुवातीच्या मारुती ८०० मध्ये ६ झडपा होत्या. तिथे मापंही सहाच घ्यायची. पालकांनीही हेडचं काम करून घेताना विचारावं, "प्रत्येक झडपेची उंची मोजली का?"

आता तुमच्यासाठी कोडं : याच स्प्रिंगला १० मिलिमीटर उचलणारा कॅम लावला आणि वेढे टेकायला १ मिलिमीटर जागा राखायची असेल, तर जास्तीत जास्त किती जाडीची चकती चालेल?

(उत्तर : १ मिलिमीटर)